बाळंतपणाला लंकेला

६ नोव्हेंबर १९६०, रविवार. दौंड.
आजपासून रोजनिशी. भावना लिहायच्या नाहीत. निरीक्षण आणि निष्कर्ष, एवढंच.

निरीक्षण : वच्छलाचं पत्र आलं. डिसेंबरअखेर दिवस भरतात. पाय सुजतात, तोंड पांढरं पडलंय. शेवटी लिहिलंय, 'बाळंतपणाला तू जवळ हवीस, बाकी कुणी असो नसो.'

वच्छला शिरूरच्या शाळेत माझ्या बाकावर बसायची. मी तेव्हा मावशीकडे राहायचे. आता ती कोलंबोत असते. नवरा हौशीराम तिथल्या एका गिरणीत विव्हिंग मास्तर आहे.

निष्कर्ष : मला कोलंबोला जायला हवं. प्रश्न मैत्रीचा नाही, रक्ताचा आहे. वच्छलाचा ग्रुप बी निगेटिव्ह. लॅबचं ट्रेनिंग चालू असताना मीच तिचं बोट टोचून काढला होता. शंभरात एखाद-दुसरा सापडतो. माझाही तोच. तिची थोरली बहीण बाळंतपणात रक्त जाऊन गेली. परक्या मुलखात ऐनवेळी रक्त कोण देणार? हौशीराम? त्याला स्वतःचा ग्रुपही ठाऊक नाही. तीनदा पत्राने विचारला, तीनदा त्याने तब्येत उत्तम असल्याचं कळवलं.

पासपोर्ट उन्हाळ्यातच काढून ठेवला आहे. खास कारण नव्हतं. जवळ असावा.

१३ नोव्हेंबर, रविवार.
घरी सांगितलं. अम्मा रडली. अब्बा म्हणाले, लंका म्हणजे नेमकी किती लांब? तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाचा हा प्रश्न. इमामने विचारलं, "आपा, लंकेला चाललीस, शेपूट घेतलंस का?"

इमाम माझा धाकटा भाऊ. स्टेशनबाहेर सायकलचं दुकान. पंक्चर काढणं हे त्याचं शिक्षण. ट्रेनिंगच्या वेळी सरावासाठी घरातल्या सगळ्यांची बोटं टोचली होती. अम्माने हूं की चूं केलं नाही. हा एक थेंब पाहून चुलीशेजारी आडवा झाला.

ठरवलं : शिरूरला कुणाला कळवायचं नाही. कळवलं की वच्छलाची आई साखरबाई गाठोडं देणार. पापड, शेवया, हुलग्याचं पीठ. परदेशी जाणाऱ्या माणसाला आपले लोक हमाल समजतात.

वच्छलालाही कळवायचं नाही. उगाच जेवणखाणाचं काढील. शिवाय मी येणार हे तिला माहीतच आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार.
तयारी पूर्ण. रजा मंजूर. लॅबच्या डॉक्टरांनी कारण विचारलं. 'वैयक्तिक' म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना वाटलं, लग्न. या देशात बाईच्या आयुष्यात दुसरं काही वैयक्तिक असू शकत नाही.

देवीची आणि कॉलऱ्याची लस लागते. देवीचं सर्टिफिकेट डॉक्टरांचं आहे. कॉलऱ्याची लस टोचणारा माणूस सुई उकळतो की नुसती पाण्यातून काढतो याची मला खात्री नाही, म्हणून मीच मला टोचून घेतली. सर्टिफिकेटही मीच भरलं, खाली सही केली. इतकं बिनचूक सर्टिफिकेट त्या बोटीवर दुसऱ्या कुणाकडे नसेल.

प्रवासाचा आराखडा : दौंडहून मद्रास मेल. मद्रासहून बोट मेलने धनुष्कोडी. तिथून बोटीने तलाईमन्नार, पुढे रात्रीच्या गाडीने कोलंबो. सोमवारी सकाळी वच्छलाच्या दारात. प्रत्येक ठिकाणी हाताशी वेळ ठेवला आहे. लोकांना प्रवासात अडचणी येतात, कारण ते आयत्या वेळी दुसऱ्याला विचारतात.

ठरवलं : कुणाला काही विचारायचं नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार. दौंड स्टेशन आणि पुढे.
मेल दीड तास उशिरा. पुढे पाऊस आहे म्हणे. पाऊस दरवर्षी असतो.

बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली. गाडी सुटायच्या बेतात असताना प्लॅटफॉर्मवर साखरबाई दिसल्या. शिरूरहून पहिल्या एस.टी.ने आलेल्या, पदर खोचलेला, काखेत गाठोडं. कुणीतरी तोंड उघडलंच. मी शटर ओढून घेतलं. त्या बाहेरून शटर बडवत होत्या. "अगं पोरी, आयक तर!" मी ऐकलं नाही. मग इमामही बडवायला लागला. तोही फितूर.

गाडी हलल्यावर शटर उघडलं. साखरबाई कपाळावर हात मारून उभ्या. इमाम गाठोडं सोडून त्यातलं काहीतरी खात होता आणि तोंड भरलेलं असताना हातवारे करत होता. दोन्ही हात पोटावर, मग शिरूरच्या रस्त्याकडे, मग माझ्याकडे. याला नाटकात घालायला हवं होतं.

आराखड्यातली पहिली अडचण टाळली.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार. रायचूर.
गाडी रात्रभर रांगत आली. गुंतकलच्या पुढे रुळाखालची माती वाहून गेली आहे. डब्यातल्या बायका एकमेकींना लोणचं देत होत्या. मला तीन वेळा विचारलं, कोण, कुठली, कुणाकडे. मी पुस्तक वर धरलं. एकीने पुस्तकाच्या खालून भाकरी सरकवली.

रायचूरला गाडी थांबली. डब्यातल्या सगळ्या प्लॅटफॉर्मच्या नळाचं पाणी बेधडक भरत होत्या. या भागात कॉलऱ्याच्या बातम्या आहेत. माझ्याकडे क्लोरीन तपासायचं औषध होतं. उतरून परीक्षानळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळं व्हायला हवं. होत नव्हतं. बायकांना थांबवलं. नळ सोडून थोडा वेळ पाणी वाहू दिलं, पुन्हा नमुना घेतला. तो पिवळा झाला. म्हणजे पाणी शुद्ध होतं. तरी माझा संशय शास्त्रीय होता.

एवढ्यात गाडी सुटली. बायका पाणी घेऊन चढल्या होत्या. नळी माझ्या हातात आणि पेटी गाडीत. चष्माही पेटीत, कारण प्रवासात काचेवर कोळशाची भुकटी बसते.

पर्स आणि पासपोर्ट माझ्याजवळ आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. स्टेशन मास्तरांनी न विचारताच मद्रासला तार करून पेटी उतरवून घ्यायला कळवलं. मी त्यांना पाण्याचा निकाल सांगितला. ते म्हणाले, आम्ही हेच पाणी पितो.

२६ नोव्हेंबर, शनिवार. रायचूर.
अजून इथेच. आमची गाडी गेल्यावर पुढचे रूळ पुन्हा खचले, दुरुस्त होतायत. दुपारी मद्रासहून मुंबईकडे जाणारी गाडी आधी सोडली. मद्रासकडे जाणाऱ्या गाडीला अजून वेळ. रेल्वेलाही दिशा आवडीनिवडीच्या असतात.

ती गाडी समोरच्या फलाटावर उभी होती. चष्मा नसल्यामुळे सगळं धुरकट. एका खिडकीतून एक बाई अर्धी बाहेर वाकून माझ्याकडे हात करत होती. पोटुशी असावी, कारण वाकताना कठड्याला पोट लागतंय म्हणून दुसऱ्या बाईने तिला मागून धरलं होतं. वाफेच्या आवाजात काय ओरडत होती ते कळलं नाही. माझं नाव घेतल्यासारखं वाटलं. परक्या भाषेत निम्मे शब्द आपल्या नावासारखेच वाटतात. अनोळखी माणसाने हात केला की मी पाहत नाही. पाठ फिरवली.

दिवस भरत आलेल्या बाईला असल्या पावसात एवढा प्रवास! घरच्यांना अक्कल नाही. वच्छला निदान एका जागी तरी आहे.

२८ नोव्हेंबर, सोमवार. मद्रास.
आज सकाळी कोलंबोत असायला हवं होतं. हरकत नाही. दिवस डिसेंबरअखेर भरतात. हाताशी वेळ आहे, आणि तो मी आधीच ठेवला होता.

पेटी मिळाली. चष्मा लावला. प्लॅटफॉर्मवर बोट मेलची वाट पाहत बसले. टाइमटेबलात मद्रास लिहिलंय, मी मद्रासला आहे, म्हणजे गाडी इथूनच. एक हमाल दोन-तीनदा येऊन 'एगमोर, एगमोर' म्हणत होता. गिऱ्हाईक मिळवायची युक्ती. मी मान हलवली. संध्याकाळ झाली. मग तो जवळ बसला आणि मद्रासला दोन मोठी स्टेशनं आहेत, हे बोटांनी दाखवलं. एक, दोन. बोट मेल दुसऱ्या बोटावरून गेली होती.

टाइमटेबल छापणाऱ्यांनी हे पुरेसं ठळक छापलेलं नाही. तळटिपेत आहे.

३० नोव्हेंबर, बुधवार. मंडपम.
धनुष्कोडीच्या अलीकडे मंडपमला आरोग्य तपासणीचा कँप. वारा सुटला आहे, बोट बंद. हरकत नाही.

तपासनीस तमिळ, इंग्रजी चांगलं. देवीचं सर्टिफिकेट पाहिलं, पास. कॉलऱ्याचं पाहिलं. मग माझा पासपोर्ट. मग पुन्हा सर्टिफिकेट. टोचणाऱ्याचं नाव आणि टोचून घेणाऱ्याचं नाव एकच कसं, विचारलं. मी म्हटलं, सुई मी उकळली, लस मी तपासली, दंड माझाच. यापेक्षा खात्रीचं काय असणार? तो म्हणाला, उद्या तुम्हीच तुमचा पासपोर्टही द्याल.

मला पुन्हा टोचलं. पाच दिवस कँपात. सुई उकळलेली होती, हे मी उभं राहून पाहिलं.

२ डिसेंबर, शुक्रवार. मंडपम कँप.
शेडमध्ये चहाच्या मळ्यांवर कामाला निघालेल्या बायका. दिवसभर बोलतात. मी त्यांना हात धुण्याचं महत्त्व खुणांनी सांगितलं. त्या सगळ्याजणी आधीच हात धुवून आलेल्या होत्या.

त्यातली एक म्हातारी माझ्याजवळच बसून असते. हात, गळा, कान चाचपून पाहते आणि हळहळते. अंगावर सोनं नाही याचं तिला दुःख. शिरूरच्या शाळेत पोरी मला लंकेची पार्वती म्हणायच्या. आता खरोखर लंकेला निघाले, इतकाच फरक.

कुणाकडे निघालीस, असं तिने खुणेने विचारलं. मी पोटावर घुमट काढून दाखवला आणि समुद्राकडे बोट केलं. ती हसायला लागली. शेजारणींना सांगितलं, त्याही हसल्या. म्हातारीने माझं बोट धरून नेमकं उलट्या दिशेला फिरवलं आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर पदर घेतल्याची, मांडीवर डोकं ठेवल्याची खूण केली. 'अम्मा, अम्मा' म्हणत होती.

त्यांना दिशा कळत नाहीत. किंवा म्हातारीला स्वतःच्या आईची आठवण आली असेल. मला अम्माची आली, पण ती नोंद इथे अप्रस्तुत आहे.

७ डिसेंबर, बुधवार. कोलंबो.
पोचले.

दार हौशीरामने उघडलं. बनियन, हातात उलथनं, आतून काहीतरी करपल्याचा वास. माझ्याकडे पाहून मग माझ्यामागे पाहिलं, जणू मी कुणाला घेऊन आले आहे. "अकिलाताई, तुम्ही हितं?"

मी वच्छला कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, "माहेरी."

मी विचारलं, कुणाच्या.

त्याने उलथनं खाली ठेवलं. मग सांगितलं. गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, बायकोसह गावी निघाला होता, त्यांच्या सोबतीने वच्छला तेवीस तारखेला गेली. साखरबाईंना आधीच कळवलं होतं, आणि त्या दौंडला येऊन तुम्हाला सांगणार होत्या. पोचल्यावर वच्छलाने तार केली : सुखरूप, रायचूरला अकिला दिसली, बोलली नाही. हौशीरामला वाटलं, आठव्या महिन्यात बाईमाणसाला भास होत असतील.

मी म्हटलं, पत्रात तिने स्पष्ट लिहिलंय, बाळंतपणाला तू जवळ हवीस.

हौशीराम म्हणाला, "व्हय की. शिरूर दौंडाला जवळच हाय."

भाजी करपली होती. तशीच खाल्ली.

१० डिसेंबर, शनिवार. कोलंबो.
शांतपणे विचार केला. चूक वच्छलाची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे सगळ्यांना माहीत असतं, असं हौशीराम म्हणतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पत्रात लिहायची नाही, ही पत्र लिहिण्याची पद्धत नव्हे. उद्या लॅबमध्ये नमुन्यावर नाव न घालता पाठवलं आणि म्हणाले, कुणाचं ते सगळ्यांना माहीत आहे, तर?

तरी परिस्थिती ताब्यात आहे. दिवस डिसेंबरअखेर भरतात. चौदाला निघाले तरी अठरापर्यंत शिरूर. गिरणीची मंडळी भेटायला येतात. एकाने विचारलं, फॉरेनला प्रथमच का? मी म्हटलं, कामानिमित्त.

ठरवलं : परतीच्या प्रवासात पाणी तपासायचं नाही.

हौशीराम रोज संध्याकाळी पाळण्याचे लोकरी गोंडे विणतो. यंत्रावर कापड विणणाऱ्या माणसाचा हाताचा टाका भयंकर आहे.

१४ डिसेंबर, बुधवार. कोलंबो.
पेटी बांधून दारात ठेवली होती. तारवाला आला.

तार वच्छलाच्या वडिलांची, गेणबांची. दिवसांआधीच मोकळी झाली, सोमवारी पहाटे. मुलगी. रक्त फार गेलं. भाजीच्या ट्रकमधून पुण्याला हलवलं. रक्त इमामने दिलं. दोघी ठीक.

हौशीराम पायरीवर बसला आणि रडला. मग हसला, मग आत जाऊन शेजाऱ्यांसाठी गूळ घेऊन आला. मी तार पुन्हा वाचली. इमामचा ग्रुप मीच काढला होता. बी निगेटिव्ह. लॅबच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात आहे. मी विसरले नव्हते. विचारात घेतला नव्हता.

एका थेंबाला आडवा होणारा मुलगा. बाटलीभर.

आज गाडीला जाता आलं नाही. हौशीरामला रजा मिळत नाही म्हणून त्याने माझ्याबरोबर सामान दिलं : नारळ, चहा, दालचिनी, वच्छलासाठी पातळ, ते गोंडे, आणि गिरणीतल्या चार घरांची चार गाठोडी. नाही म्हणायचं राहून गेलं.

१८ डिसेंबर, रविवार. तलाईमन्नार.
वारा. बोट बंद. गाठोड्यांवर बसले आहे. आत्तापर्यंत अकरा जणांनी विचारलं, कुणाकडे निघालात. सांगितलं. एका बाईने विचारलं, मग इकडे कशाला आला होतात?

तेही सांगितलं. ती हसली नाही. तिने मला केळं दिलं. हे जास्त वाईट.

२४ डिसेंबर, शनिवार. शिरूर.
मद्रासला कोणत्या स्टेशनला जायचं ते हमालाला विचारलं. तोच हमाल निघाला. त्याने दोन बोटं वर केली.

आज पहाटे दौंडला गाडी वेळेवर आली. संपूर्ण प्रवासात एकदाच. पहिल्या एस.टी.ने शिरूर. बारसं काल झालं.

गेणबांच्या मळ्यातला झेंडू निम्मा खुडलेला. इमाम ओसरीवर खाटेवर लोळत होता. साखरबाई बाळंतिणीचे डिंकाचे लाडू त्याला भरवत होत्या. त्याला आणखी किती दिवस अशक्तपणा राहणार आहे, विचारलं. तो म्हणाला, लाडू संपेस्तोवर. रक्त देताना आडवा झालास का, विचारलं. "आडवं पाडूनच घेत्यात की, आपा. पंक्चरपरीस सोपं."

वच्छला आत होती. फार उतरली आहे. मी काही बोलण्याआधी तिचं बोट टोचून हिमोग्लोबिन तपासलं. कमी आहे, पण धोका नाही. मग तिने हात सोडलाच नाही.

"रायचूरला घसा फाडून हाक मारली तुला."

मी सांगितलं, चष्मा पेटीत होता.

"मग कानाला बी चष्मा लागतो व्हय गं?"

साखरबाई दारात उभ्या होत्या, त्या हसता हसता खाली बसल्या. बाहेरून इमाम हसला. गेणबाही हसले असावेत, खोकले. मी खुलासा करणार होते की पत्रातला मजकूर संदिग्ध होता. केला नाही. वच्छला हसताना टाके ओढतात म्हणून एका हाताने पोट धरून होती, दुसऱ्या हाताने मला.

मुलीचं नाव काय ठेवलं, विचारलं. सगळ्यांनी इमामकडे पाहिलं. शेवटी इमामनेच सांगितलं.

लंका.

वच्छला म्हणाली, तुझंच नाव ठेवायचं मनात होतं. पण बारा दिवस जो येईल तो विचारायचा, अकिला कुठाय, आणि घरातली सगळी म्हणायची, लंकेला. तेच तोंडात बसलं.

मुलगी माझ्या मांडीवर दिली. टाच टोचून ग्रुप काढायचा होता. सुई उकळून तयार ठेवली होती. इमाम म्हणतो, तपासायचं कशाला, माझ्यासारखीच असणार. मूर्ख आहे. रक्त असं उतरत नाही, हे त्याला दहादा सांगितलंय.

तिला झोप लागली. सुई पुन्हा उकळावी लागेल. उद्या.